रेकॉर्डच्या पाकिटावरचा शिक्का : रिदम हाउस आणि आपल्या गावांतली तबकड्यांची दुकानं

मुंबईच्या काळा घोडा भागातलं ‘रिदम हाउस’ हे रेकॉर्डचं दुकान फेब्रुवारी 2016 मध्ये कायमचं बंद झालं. त्यानंतर त्या जागेच्या बातम्या येतच राहिल्या. 2017 मध्ये हिरे व्यापारी नीरव मोदी यांच्या फायरस्टार कंपनीने ती जागा सुमारे 32 कोटी रुपयांना घेतली. 2018 मध्ये पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण बाहेर आलं आणि सक्तवसुली संचालनालयाने मोदींच्या इतर मालमत्तेबरोबर तिच्यावरही टाच आणली. ही वास्तू लोकांनी मिळून विकत घ्यावी आणि तिथे गाण्याबजावण्याला जागा द्यावी, असं उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी जाहीरपणे सुचवलं. शेवटी 2024 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून ‘भाने’ या कपड्यांच्या व्यवसायातल्या कंपनीने ती सुमारे 48 कोटींना घेतली.

म्हणजे 3,600 चौरस फुटांच्या त्या जागेचा हिशेब कागदोपत्री चोख आहे. पण त्या जागेत जवळजवळ सात दशकं जो व्यवहार चालला, कोण काय मागत होतं, काय आवडीने नेत होतं, काय पडून राहत होतं, त्याचा हिशेब कुठे आहे? तो बराचसा मालकांच्या, नोकरांच्या आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यात होता. हे एकट्या रिदम हाउसचं दुखणं नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, पणजी, मडगाव, हैदराबाद अशा आपल्या गावांतली रेकॉर्डची दुकानंही अशीच मिटत गेली, आणि त्यांच्याबद्दल तर बातमीसुद्धा आली नाही.

या लेखात आधी हा धंदा कसा उभा राहिला ते पाहू, मग रिदम हाउसचं उदाहरण घेऊ, आणि शेवटी आपल्या गावातल्या अशा दुकानाचा इतिहास आजही कसा शोधता येतो ते पाहू. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याला आता फार वेळ उरलेला नाही.

तबकडी आली, तेव्हा दुकानदार कोण होते?

नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आला आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. त्या काळी मुद्रण इथे व्हायचं, पण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि बोटीने परत यायच्या. गाणं संपताना गायिका इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते अनेकांनी ऐकलं असेल. ती काही हौस नव्हती. परदेशातल्या कारागिराला तबकडी कुणाची आहे ते कळावं, म्हणून केलेली ती सोय होती. 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि 1928 मध्ये तो डमडमला मोठ्या स्वरूपात गेला. पुढे पन्नासहून जास्त वर्षं देशभरातल्या दुकानांत येणारा माल मुख्यतः डमडमचाच असे.

गंमत म्हणजे या तबकडीचा मुख्य जिन्नस आपल्याच देशातला. जुनी 78 फेऱ्यांची रेकॉर्ड लाखेपासून केलेली असते. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचं ते मिश्रण. छोटा नागपूर आणि मध्य भारताच्या जंगलांतून गोळा झालेली लाख जगभरच्या रेकॉर्ड कारखान्यांत जात असे. म्हणूनच ती रेकॉर्ड हातातून पडली की काचेसारखी फुटते. दुकानदाराच्या नफ्या-तोट्यात ही फूटतूट कायमची धरलेली असायची.

सुरुवातीला ‘रेकॉर्डचं दुकान’ असा वेगळा प्रकार नव्हता. फोनो म्हणजे चावीचं यंत्र, त्यामुळे घड्याळं, सायकली, शिवणयंत्रं किंवा पेट्या-तबले विकणाऱ्यांकडे तो आला. कलकत्त्याचे एच. बोस हे याचं ठळक उदाहरण. केसांचं ‘कुंतलीन’ तेल आणि ‘देलखोश’ अत्तर हा त्यांचा धंदा, जोडीला सायकली, आणि त्यातच ‘टॉकिंग मशीन हॉल’. मुंबईत काळबादेवीच्या टी. एस. रामचंदर अँड ब्रदर्स यांनी नुसती विक्री केली नाही, तर ‘रामाग्राफ’ या स्वतःच्या छापाच्या तबकड्याही काढल्या. म्हणून गावातल्या जुन्या दुकानाचा शोध घेताना ‘म्युझिक’ हा शब्द पाटीवर शोधू नका. आजोबांचं दुकान घड्याळांचं होतं आणि नातवाचं कॅसेटचं झालं, असं अनेक ठिकाणी सापडेल.

या दुकानांत रेकॉर्डइतकाच किरकोळ सामानावर गल्ला चालायचा. पत्र्याच्या छोट्या डबीत दोनशे सुया यायच्या. प्रत्येक बाजूला नवी सुई लावा, असा सल्ला असायचा. काटकसरी माणूस एकाच सुईवर महिना काढायचा आणि रेकॉर्डची चाळण करायचा. तुटलेली स्प्रिंग बदलणं, साउंडबॉक्सचा पडदा बसवणं, ही दुरुस्तीची कामं मागच्या खोलीत चालत. गिऱ्हाईक टिकायचं ते या मागच्या खोलीमुळे.

शिवाय कंपनीच्या मासिक याद्या दुकानात यायच्या. त्यात त्या त्या भाषेतल्या नव्या तबकड्या, कलावंतांचे फोटो आणि कधी गाण्यांचे शब्दही छापलेले असायचे. मराठीतही अशा याद्या निघत. नाट्यसंगीत, भावगीत, कीर्तन, पोवाडा, नकला असं सगळं त्यांत असे. आज संगीताच्या अभ्यासकाला या याद्या सोन्यासारख्या आहेत. दुकानदाराला मात्र महिना संपला की ती रद्दीच असायची.

आपल्या गावांचे आवाज आणि त्यांची वाट

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गाणारी माणसं आपल्या गावांतली होती, पण त्यांचा आवाज गावात परत यायचा तो मुंबई-कलकत्त्याहून, तबकडीच्या रूपाने, दुकानाच्या काउंटरवरून.

केसरबाई केरकर गोव्यातल्या केरी गावच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डी गावच्या, मास्टर दीनानाथ मंगेशीचे. बेळगावजवळच्या सुळेभावीला 1924 मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व लहान वयातच गाऊन नाव काढते झाले आणि पुढे देवासला स्थायिक झाले. हिराबाई बडोदेकरांच्या तर नावातच बडोदा आहे, आणि फैयाज खाँ हे बडोदा दरबारचे गवई. अमीर खाँ इंदूरचे. या सगळ्यांच्या तबकड्या निघाल्या. दरबारात किंवा खासगी बैठकीत ज्यांना कधी शिरायला मिळालं नसतं, त्यांनी हे आवाज ऐकले ते तबकडीवर, मग ती स्वतःची असो की शेजारच्या घरची किंवा हॉटेलातली. केसरबाईंची भैरवी तर 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, हे आता सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांच्या तबकड्या दुकानांतून विकल्या जात होत्या.

कोकणी गाण्यांचीही हीच वाट. गोव्यातले वादक-गायक मुंबईत राहत, एचएमव्हीसाठी तिथेच मुद्रण होई आणि तबकडी गोव्यात जाई. साठ-सत्तरच्या दशकांतल्या लॉर्ना यांच्या आवाजातल्या, ख्रिस पेरी यांनी बांधलेल्या कोकणी गाण्यांच्या रेकॉर्ड्स आजही गोव्यातल्या घराघरांतून निघतात.

या देवाणघेवाणीची कंपनीकडची बाजू आपल्याला काही प्रमाणात माहीत आहे. एचएमव्हीच्या मुंबई शाखेत वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रणाचं काम पाहणारे आणि स्वतः भावगीत गायक असलेले जी. एन. जोशी यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. मोठे कलावंत मायक्रोफोनपुढे कसे बसले, ते त्यात कळतं. पण ती तबकडी गावात कोणी नेली, कितींनी नेली, कशाबरोबर नेली, हे सांगणारं पुस्तक दुकानदारांच्या बाजूने लिहिलं गेलं नाही.

रिदम हाउस : एका दुकानाची चार आयुष्यं

आता रिदम हाउसकडे वळू. 1940च्या दशकाच्या अखेरीस सुलेमान नेन्सी यांनी हे दुकान सुरू केलं आणि पुढे ते करमली कुटुंबाकडे आलं. शेवटच्या पर्वात मेहमूद करमली ते चालवत होते. दुकान जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच्या बाजूला, काळा घोडा चौकाच्या तोंडाशी. ज्या पुतळ्यावरून चौकाला हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला गेला. पुतळा गेला तरी नाव राहिलं. आजूबाजूला एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून वाचनालय, मॅक्सम्युलर भवन. कवी अरुण कोलटकर जिथे वर्षानुवर्षं आपल्या टेबलाशी बसत, ते ‘वेसाइड इन’ही याच परिसरात होतं. चित्रं बघायला, पुस्तकं चाळायला, नाटकाचं तिकीट काढायला आलेला माणूस सहजच या दुकानात डोकवायचा.

पहिलं आयुष्य 78 फेऱ्यांच्या तबकडीचं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. एवढ्यात राग मांडायचा, बंदिश गायची, तान घ्यायची आणि थांबायचं. आपल्या आजोबांच्या पिढीला राग माहीत झाले ते या तीन मिनिटांच्या मापात.

दुसरं आयुष्य लाँग प्ले आणि ईपीचं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी भारतात एलपी निघू लागल्या. एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त वेळ मिळाला आणि शास्त्रीय संगीताचं नशीब पालटलं. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची गायकी अतिविलंबित लयीची. ती तीन मिनिटांत मावणं शक्यच नव्हतं. 1960च्या सुमारास त्यांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी निघाली आणि त्यांचं गाणं त्याच्या खऱ्या चालीत घराघरांत पोचलं. रिदम हाउसमध्ये तेव्हा ऐकण्यासाठी छोट्या खोल्या होत्या. रेकॉर्ड घ्यायच्या आधी तिथे बसून ऐकता येई. एलपी ही मध्यमवर्गीय माणसाला महागच पडायची. त्यामुळे ऐकायचं दहा वेळा आणि घ्यायची एकदा, असा प्रकार असे. दुकानदार हे जाणून असायचा आणि चालवून घ्यायचा, कारण आज ऐकणारा उद्या घेतो. रिकाम्या खिशाच्या विद्यार्थ्याला या खोलीत जे शिक्षण मिळालं, ते कुठल्या संस्थेच्या अहवालात सापडायचं नाही.

याच काळात दुकानदारांचा आणखी एक उपयोग होत होता. माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. 1952 पासून सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’त गाण्यांचा क्रम ठरवताना ठिकठिकाणच्या दुकानांतल्या रेकॉर्डच्या विक्रीचा आधार घेतला जाई. म्हणजे काउंटरवरची वही देशाची आवड ठरवण्यात भाग घेत होती.

सत्तरच्या आसपास भारतात 78च्या तबकड्या बंद झाल्या. तोवर पाश्चात्त्य देशांत त्या केव्हाच संपल्या होत्या. त्याच सुमारास पॉलिडॉर कंपनी आली आणि एचएमव्हीच्या मक्तेदारीला पहिला मोठा धक्का बसला. 1975 च्या ‘शोले’ची संवादांची एलपी पॉलिडॉरचीच. गाण्यांपेक्षा संवाद विकले जातात, हे दुकानदारांनी पहिल्यांदा पाहिलं.

तिसरं आयुष्य कॅसेटचं. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने स्वस्त कॅसेट पानाच्या टपरीपर्यंत नेली. मोठ्या दुकानाचं महत्त्व इथेच पहिल्यांदा कमी झालं, पण दुसऱ्या बाजूने एक दार उघडलं. कॅसेट काढायला डमडमचा कारखाना लागत नव्हता. दुकानदार स्वतः निर्माता होऊ शकत होता. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने हेच केलं. दुकान होतंच, पण शास्त्रीय गायक आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांच्या कॅसेट्स काढून त्यांनी मराठी घरांत स्वतःचं नाव केलं. बेळगाव किंवा इंदूरच्या मराठी घरातल्या कपाटात पुलंची कॅसेट सापडली, तर तिच्या पाठीवर कुणाचं नाव आहे ते जरूर बघा.

चौथं आयुष्य सीडी आणि डीव्हीडीचं. चकचकीत, महाग, आणि चोरून नक्कल करायला सर्वांत सोपं. एका एमपीथ्री सीडीवर दीडशे गाणी फुटपाथवर मिळू लागली. मग मोबाइल आला आणि ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. त्यानंतर इंटरनेटवर ऐकणं आलं आणि वस्तू विकत घेण्याचाच प्रश्न मिटला. साखळी दुकानांनी आधी माघार घेतली. म्युझिक वर्ल्ड 2013 मध्ये बंद झालं. रिदम हाउसने कार्यक्रमांची तिकिटं विकली, चित्रपटांच्या डिस्क ठेवल्या, जुनं-दुर्मीळ मागवून दिलं, आणि 2016 पर्यंत तग धरला. बंद करताना मालकांनी नक्कल आणि डिजिटल संगीत हीच कारणं दिली.

घराण्याच्या मालकीची दुकानं साखळी दुकानांपेक्षा जास्त का टिकली? एक कारण साधं आहे. जागा स्वतःची असली किंवा भाडं जुनं असलं, की नफा कमी झाला तरी दुकान चालू ठेवता येतं. पण त्याचीच दुसरी बाजूही आहे. शहराच्या मध्यवस्तीत जागेचे भाव चढले की एक दिवस असा येतो, की दुकान चालवण्यापेक्षा जागा मोकळी करणंच फायद्याचं ठरतं. त्यात पुढच्या पिढीने दुसरं शिक्षण घेतलेलं असतं. मुंबईत हे काळा घोड्याला झालं, आपल्याकडे ते बाजारपेठेतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात झालं.

शिक्का वाचायचा कसा?

तबकड्या काही नष्ट झालेल्या नाहीत. त्या संग्राहकांकडे आहेत. मुंबईत 1990 मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी यावर मोठं काम केलं. इंदूरजवळ पिगडंबरला सुमन चौरसिया यांनी लता मंगेशकरांच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालयच उभं केलं आहे. पण संग्राहकाचं लक्ष गाण्याकडे असतं. आपल्याला हवं आहे ते दुकान, आणि त्याचा पत्ता पाकिटावर असतो.

जुन्या तपकिरी पाकिटावर किंवा थेट लेबलवर विक्रेत्याचा रबरी शिक्का किंवा छोटी चिठ्ठी असते. पाकीट फाटलं म्हणून टाकून देऊ नका. त्या दोन-तीन ओळींतून दुकानाचा काळ बराच नेमका ठरवता येतो.

पहिली खूण राज्याची. बेळगावच्या शिक्क्यावर ‘बॉम्बे’ असेल तर तो 1956 च्या आधीचा. त्यानंतर 1973 पर्यंत ‘म्हैसूर स्टेट’, मग कर्नाटक. ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव नोव्हेंबर 2014 पासूनचं. इंदूर-ग्वाल्हेरच्या शिक्क्यावर ‘मध्य भारत’ असेल तर 1948 ते 1956 हा काळ पक्का. इंदूरपुढे ‘सी. आय.’ म्हणजे सेंट्रल इंडिया असेल तर तो त्याहून जुना. बडोदा 1949 मध्ये मुंबई राज्यात आलं, 1960 मध्ये गुजरातेत गेलं, आणि ‘वडोदरा’ हे नाव 1974 चं. गोव्यात ‘नोव्हा गोवा’ दिसलं तर पोर्तुगीज काळ, म्हणजे डिसेंबर 1961 च्या आधी. हैदराबादच्या पत्त्यात ‘डेक्कन’ हा शब्द जुना, ‘आंध्र प्रदेश’ 1956 नंतरचं, तेलंगण 2014 नंतरचं.

दुसरी खूण पैशाची. पाकिटावर किंवा बिलावर किंमत रुपये-आणे-पै अशी असेल, तर ती बहुधा एप्रिल 1957 च्या आधीची. ‘नये पैसे’ असेल तर 1957 ते 1964 या सात वर्षांतली. हैदराबादच्या जुन्या बिलावर ‘हाली’ रुपये दिसू शकतात, कारण निजामाचं चलन वेगळं होतं आणि विलीनीकरणानंतरही ते काही वर्षं वापरात राहिलं. गोव्याच्या बिलावर रुपिया की एस्कुदो, हेही बघायचं. एस्कुदो फक्त पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांतलं.

तिसरी खूण पत्त्याची. सहा आकडी पिन कोड ऑगस्ट 1972 पासून आला. फोन नंबरचे आकडे जितके कमी तितकं जुनं. तीन आकडी नंबर असेल तर गावातल्या टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत तो शोधता येईल. विक्रीकराचा नंबर, मग व्हॅटचा, मग 2017 पासूनचा जीएसटी, यांवरूनही बिलाचा काळ कळतो.

इथे एक काळजी घ्या. शिक्क्याचा काळ आणि रेकॉर्डचा काळ एक नसतो. रेकॉर्ड 1935 ची असेल आणि शिक्का 1960 चा. एकतर माल पडून राहिलेला असतो किंवा जुन्या रेकॉर्डची पुन्हा विक्री झालेली असते. रेकॉर्ड कधी निघाली ते कळलं तर शिक्का त्याच्या आधीचा नाही, एवढंच ठरतं. लेबलच्या कडेला मोकळ्या जागेत कोरलेला मॅट्रिक्स नंबर उतरवून घेतला, तर जाणकार मुद्रणाचा काळ सांगू शकतात. तसंच पाटीवरच्या ‘स्थापना’ वर्षावर लगेच विसंबू नका. ते वर्ष आजोबांच्या सायकलच्या दुकानाचंही असू शकतं.

मग हे सगळं पडताळायचं कुठे? जाहिरातींत. बेळगावसाठी ‘तरुण भारत’चे जुने अंक, इंदूरसाठी हिंदी ‘नई दुनिया’, गोव्यासाठी 1962 पासूनचा ‘गोमन्तक’. त्याशिवाय नाटक कंपन्यांची हँडबिलं, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. लाउडस्पीकर भाड्याने देणारे मंडपवाले हे रेकॉर्ड दुकानांचे हुकमी गिऱ्हाईक असत, त्यामुळे मंडळाच्या जमाखर्चात दुकानाचं नाव हमखास सापडण्याची शक्यता असते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय, बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय, हैदराबादचं मराठी ग्रंथ संग्रहालय, इथे ही जुनी छापील सामग्री शोधायला सुरुवात करता येईल.

काय विचारायचं, काय मागायचं

दुकान बंद झालं तरी कुटुंब बहुतेक वेळा गावातच असतं. त्यांच्याकडे गेलात तर ‘तुमच्याकडे जुन्या रेकॉर्ड आहेत का’ हा प्रश्न आधी विचारू नका. तो प्रश्न भंगारवाला आणि दलालही विचारतो, आणि लोक सावध होतात. दुकानाबद्दल विचारा. माल कुठून यायचा, महिन्यातून कितीदा, रेल्वेने की एसटीने? फुटका माल कंपनी परत घ्यायची का? लग्नसराईत काय खपायचं, श्रावणात काय? मराठी रेकॉर्ड किती, कन्नड किंवा गुजराती किंवा उर्दू किती? बायका स्वतः दुकानात येत का, की चिठ्ठी पाठवत? उधारी कोणाची असायची, आणि ती वसूल व्हायची का?

यातला भाषेचा प्रश्न आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांसाठी फार मोलाचा आहे. गावात मराठी माणसं किती हे जनगणना सांगते. ती घरी काय ऐकत होती, हे फक्त दुकानदार सांगू शकतो. मराठी रेकॉर्डची मागणी कधी वाढली, कधी आटली, मराठी घरांत हिंदी कधी शिरली, आणि शेजारच्या कन्नड किंवा गुजराती माणसाने नाट्यसंगीताची रेकॉर्ड कधी मागितली, हे कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

मागायच्या वस्तू चार. कीर्द-खतावणी आणि बिलबुकं, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, मासिक याद्या, आणि दुकानाचे फोटो. मूळ कागद मागू नका. मोबाइलवर फोटो काढायची परवानगी मागा, आणि काढलेल्या फोटोंची एक प्रत कुटुंबाला द्या. गिऱ्हाइकांच्या उधारीची नावं असलेली पानं जाहीर करू नका. गावात ती घराणी अजून आहेत.

हे काम आत्ताच करायचं, कारण ज्यांनी काउंटरवर उभं राहून 78च्या तबकड्या विकल्या, ती माणसं आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. घरं पाडून फ्लॅट होताहेत, आणि माळ्यावरचं सामान उतरवताना रेकॉर्ड निदान विकायला बाजूला ठेवल्या जातात. बिलबुकं मात्र थेट रद्दीवाल्याच्या काट्यावर जातात. रिदम हाउसच्या जागेला 48 कोटी मिळाले. आपल्या गावातल्या दुकानाच्या बिलबुकांना किलोमागे मिळतात तेवढेच पैसे मिळतील. ती काट्यावर चढायच्या आधी निदान एकदा उघडून पाहू या.